संस्थानांचे विलीनीकरण आणि सरदार पटेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पटेलांनी साडेपाचशे राजे एकत्र आणले, तिघे अडून बसले, मग तेही आले: शाळेच्या पुस्तकात हा विषय एवढ्यात आटोपतो. प्रत्यक्षात हे काम जुलै १९४७ पासून एप्रिल १९५० पर्यंत, म्हणजे पावणेतीन वर्षे चालले. सह्या हा त्यातला सर्वांत लवकर उरकलेला भाग. खरे कष्ट पुढचे होते: सीमा, पोलीस, जकात, रेल्वे, फौजा, तनखे (राज्य सोडल्याबद्दल राजांना मिळणारी वार्षिक रक्कम). परीक्षेचा अभ्यास करणारे, गावाचा इतिहास लिहिणारे आणि जुन्या संस्थानी दप्तरात एखादा कागद शोधणारे जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

संस्थाने नेमकी किती होती? कुठे ५६२ लिहितात, कुठे ५६५, कुठे ५८४.

आकडा मोजणाऱ्यावर अवलंबून आहे. हैदराबाद, म्हैसूर, बडोदे अशी मोठी राज्ये मोजण्यात कोणाचाच घोळ होत नाही. घोळ होतो तो काठेवाड आणि गुजरातेतल्या इस्टेटी व तालुक्यांमुळे. एकट्या काठेवाडात दोनशेहून जास्त 'राज्ये' होती. त्यातल्या वेजानोनेसचे क्षेत्र एका चौरस मैलाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही नव्हते आणि वस्ती दोनशेच्या आसपास होती. अशांना संस्थान म्हणायचे की जहागीर, यावर एकूण आकडा वर-खाली होतो. पाकिस्तानच्या वाट्याला गेलेली संस्थाने धरली की वगळली, यानेही फरक पडतो. लेखात 'साडेपाचशेहून अधिक' असे लिहिले तर चूक होत नाही.

मानाची उतरंड तोफांच्या सलामीवर ठरे. २१ तोफांचा मान फक्त पाच जणांना होता: हैदराबाद, म्हैसूर, जम्मू-काश्मीर, बडोदे आणि ग्वाल्हेर. यातली शेवटची दोन मराठी घराण्यांची. इंदूरचे होळकर आणि कोल्हापूरचे छत्रपती १९ तोफांचे मानकरी होते.

ब्रिटिश गेल्यावर संस्थाने आपोआप भारताची का झाली नाहीत?

कारण ती 'ब्रिटिश हिंदुस्थान' नव्हतीच. संस्थानिकांचे करार ब्रिटिश राजसत्तेशी होते, दिल्लीच्या सरकारशी नव्हे. १२ मे १९४६ च्या निवेदनात कॅबिनेट मिशनने सांगून टाकले की ब्रिटिश गेले की अधिसत्ता, म्हणजे संस्थानांवरची त्यांची वरची सत्ता, संपेल आणि ती कोणत्याही नव्या सरकारकडे सोपवली जाणार नाही. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या कलम ७ ने तेच कायद्यात उतरवले. म्हणजे १५ ऑगस्टच्या सकाळी कागदोपत्री प्रत्येक संस्थान मोकळे.

व्यवहारात याचा अर्थ भयंकर होता. मुंबईहून दिल्लीला जाणारी गाडी अनेक संस्थानांतून जाई. टपाल, तारा, छावण्या, अफूची वाहतूक, पळून गेलेल्या गुन्हेगाराला परत आणणे, सगळे करारांवर उभे होते. कायद्यात एक पळवाट ठेवली होती: जकात, दळणवळण, टपाल यांसारख्या बाबींचे जुने करार कोणी एकाने नाकारेपर्यंत चालू राहतील. पण नाकारण्याचा हक्कही तिथेच होता. त्यात भर म्हणजे ब्रिटिशांचे राजकीय खाते जाता जाता रेसिडेन्सी (संस्थानांतल्या आपल्या प्रतिनिधींच्या कचेऱ्या) बंद करत होते आणि संस्थानिकांच्या खासगी भानगडींचे कागद जाळत होते.

संस्थान खाते कधी सुरू झाले आणि त्यात कोण होते?

हंगामी सरकारने जून १९४७ च्या अखेरीस निर्णय घेतला आणि ५ जुलैला खाते सुरू झाले. मंत्री वल्लभभाई पटेल, सचिव व्ही. पी. मेनन. हातात सहा आठवडे. मेनन हे घटनात्मक सुधारणांच्या कामात मुरलेले अधिकारी होते. मसुदा कसा लिहिला म्हणजे समोरचा सही करील आणि तरी आपले काम होईल, हे त्यांना नेमके कळत असे. पटेलांनी त्याच दिवशी काढलेले निवेदन आजही वाचण्यासारखे आहे. त्यात धमकी नाही. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढ्या तीनच गोष्टी द्या, बाकी कारभार तुमचा, असा सूर आहे.

सामीलनाम्यात काय होते? फक्त तीनच विषय का मागितले?

सामीलनामा म्हणजे भारतात सामील होताना राजाने सही करायचा करार. १९३५ च्या कायद्यातही संघराज्याची योजना होती, पण संस्थानिक पुरेशा संख्येने आले नाहीत म्हणून ती कधीच अमलात आली नाही. वर्षानुवर्षे घासाघीस चालली ती पैसा आणि अंतर्गत अधिकारांवर. पटेल-मेनन यांनी तो वादाचा भागच बाजूला ठेवला. राजाने दिलेले तीनही विषय असे होते की ते त्याच्याकडे आधीही नव्हते. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशच पाहत होते. म्हणजे नवे काही गमवावे लागत नाही, असे त्याला पटवता आले.

मसुद्यात दोन कलमे राजांच्या समाधानासाठी होती. सातव्या कलमात भविष्यातील राज्यघटना मान्य करण्याचे बंधन संस्थानावर नाही असे म्हटले होते. आठव्यात राजाचे अंतर्गत सार्वभौमत्व अबाधित राहील अशी हमी होती. ही दोन कलमे लक्षात ठेवा. पुढची दोन वर्षे त्यांना वळसा घालण्यातच गेली.

सामीलनामा एकच नव्हता. पूर्ण अधिकाराची सुमारे १४० संस्थाने होती, त्यांच्यासाठी एक नमुना. काठेवाड-गुजरातेतल्या तीनशेहून जास्त इस्टेटी व तालुक्यांसाठी दुसरा, ज्यात उरलेले अधिकार केंद्राकडे जात. मधल्या दर्जाच्या राजांसाठी तिसरा. सोबत 'जैसे थे करार' असे, ज्याने टपाल-रेल्वेचे जुने व्यवहार चालू राहत. पटेलांच्या खात्याने इथे पाचर मारून ठेवली: सामील झाल्याशिवाय जैसे थे करार नाही. हैदराबादचा अपवाद पुढे करावा लागला आणि तो महागात पडला.

२५ जुलै १९४७ ला काय घडले?

दिल्लीत नरेंद्र मंडळासमोर, म्हणजे संस्थानिकांच्या सभेसमोर, व्हाइसरॉय माउंटबॅटन यांचे भाषण झाले. कायद्याने तुम्ही मोकळे असाल, पण भूगोलातून सुटका नाही आणि शेजारच्या डोमिनियनपासून (भारत किंवा पाकिस्तान) पळताही येणार नाही, असा त्याचा आशय. संस्थानिकांचा ब्रिटिश राजघराण्यावर विश्वास होता. त्यामुळे ब्रिटिश राजाचाच नातलग हे सांगतो आहे याला वजन आले. पटेलांनी या माणसाचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

सगळ्यांनी १५ ऑगस्टपूर्वी सह्या केल्या का?

भारताला लागून असलेल्या बहुतेकांनी केल्या. हैदराबाद, जुनागढ आणि काश्मीर राहिले. पण बाकीच्यांनीही गुमान सही केली असे नाही.

त्रावणकोरचे दिवाण सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी ११ जूनलाच स्वतंत्र राहण्याची घोषणा केली होती. समुद्रकिनारा, बंदर, मोनाझाइट वाळू, सगळे त्यांच्याकडे होते. २५ जुलैला त्यांच्यावर हल्ला झाला, ते जखमी झाले आणि काही दिवसांतच महाराजांनी सामील होण्याची तयारी कळवली. जोधपूरचे तरुण महाराज हणवंतसिंह जिनांना भेटून आले होते. जिनांनी म्हणे कोऱ्या कागदावर सही करून अटी तुम्हीच लिहा असे सुचवले. पटेलांनी उलट धान्य, शस्त्रे आणि काठेवाडच्या बंदराशी रेल्वे या व्यावहारिक गरजांवर बोट ठेवले. सही झाल्यावर महाराजांनी पेनात दडवलेले पिस्तूल मेनन यांच्यावर रोखले, ही कथा मेनन यांनीच सांगितलेली आहे. भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान, जे नरेंद्र मंडळाचे अध्यक्ष होते, शेवटपर्यंत टाळाटाळ करून अखेर आले. इंदूरचे होळकरही बरेच रेंगाळले.

उलट बाजूला बडोदे आणि बिकानेर यांनी सुरुवातीलाच घटना समितीची वाट धरली. त्याने बाकीच्यांचा धीर खचला.

जुनागढला सार्वमत झाले, मग आधी सैन्य का गेले?

क्रम असा. नवाब महाबतखान यांनी १५ ऑगस्टला पाकिस्तानात जाण्याचे जाहीर केले. दिवाण शाहनवाज भुत्तो होते. जमिनीने जुनागढ पाकिस्तानला कुठेच लागून नव्हते आणि बहुसंख्य प्रजा हिंदू होती. सप्टेंबरच्या मध्यात पाकिस्तानने ही सामिली स्वीकारली. २५ सप्टेंबरला मुंबईत शामळदास गांधी यांच्या नेतृत्वाखाली 'आरझी हुकूमत' हे हंगामी सरकार उभे राहिले. भारताने जुनागढच्या भोवती फौज ठेवली, कोळसा-पेट्रोल रोखले. मांगरोळ आणि बाबरियावाड हे भारताकडे आलेले भाग ताब्यात घेतले. नवाब ऑक्टोबरअखेर कराचीला निघून गेले, तिजोरी रिकामी होती, धान्य संपत आले होते. भुत्तोंनीच भारताला कारभार हाती घेण्याची विनंती केली आणि ९ नोव्हेंबरला ताबा आला.

२० फेब्रुवारी १९४८ च्या सार्वमतात १ लाख ९० हजारांहून अधिक मते पडली. पाकिस्तानच्या बाजूने त्यातली ९१.

हैदराबादला वर्षभर का लागले? आणि त्याला 'पोलीस कारवाई' का म्हणतात?

हैदराबाद ८२ हजार चौरस मैलांहून मोठे, दीड कोटीहून जास्त लोकसंख्येचे, स्वतःचे चलन, स्वतःची रेल्वे आणि स्वतःची फौज असलेले राज्य होते. मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकाचा भाग त्यात येई. निजाम मीर उस्मान अली खान यांना स्वतंत्र राहायचे होते. चारी बाजूंनी भारत होता, त्यामुळे घाईने चूक केली तर दक्षिणेत आग लागेल ही दिल्लीची भीती खरी होती.

२९ नोव्हेंबर १९४७ ला एक वर्षाचा जैसे थे करार झाला. निजाम सामील झाला नव्हता तरीही. माउंटबॅटन यांचा वाटाघाटींवर भर होता आणि पटेलांनी तो नाइलाजाने चालू दिला. या वर्षात निजाम सरकारने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे भारतीय रोखे कर्जाऊ दिले, भारतीय चलनावर बंधने घातली आणि शस्त्रे बाहेरून आणायला सुरुवात केली. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांचा गावोगाव धुमाकूळ सुरू झाला. स्वामी रामानंद तीर्थ आणि स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते तुरुंगात होते. सीमेवरच्या शिबिरांतून प्रतिकार चालू होता. मराठवाड्यातून हजारो लोक सोलापूर, नगर, वऱ्हाडात येऊन राहिले. निजामाचे प्रधानमंत्री लायक अली यांच्याशी जूनमध्ये ठरत आलेला मसुदा निजामाने नाकारला. त्याच महिन्यात माउंटबॅटन इंग्लंडला परतले. ऑगस्टमध्ये हैदराबादने प्रकरण सुरक्षा परिषदेकडे नेले.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे सैन्य घुसले. मुख्य तुकडी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांची, सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला. दुसरा मोठा रेटा विजयवाड्याकडून, शिवाय इतर बाजूंनीही तुकड्या होत्या. दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी. १७ सप्टेंबरला संध्याकाळी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या फौजेने रीतसर शरणागती दिली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन १७ सप्टेंबरला असतो तो यामुळे.

'पोलीस कारवाई' हे नाव राजकीय होते. दोन देशांतले युद्ध म्हटले असते तर हैदराबाद स्वतंत्र देश होता हे मान्य केल्यासारखे झाले असते. लष्करी नाव 'ऑपरेशन पोलो'.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. कारवाईनंतर अनेक जिल्ह्यांत मुस्लिमांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वाधिक झळ पोहोचलेले जिल्हे म्हणून नोंदवले. मृतांचा तिचा सावध अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता आणि तो कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे अत्याचार आणि त्यानंतरचे हे, दोन्ही एकाच इतिहासाचे भाग आहेत. एक सांगून दुसरे गाळणारा मजकूर अर्धवटच असतो.

निजामाला पटेलांनी पदच्युत केले नाही. नोव्हेंबर १९४९ मध्ये त्याने फर्मान काढून भारताची राज्यघटना मान्य केली आणि २६ जानेवारी १९५० पासून तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख (राज्यपालासारखे पद) झाला. मराठवाड्याचे पाच जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आले.

काश्मीरमध्ये पटेलांची भूमिका किती होती?

सामिलीच्या वेळी पूर्ण होती, नंतर कमी होत गेली. महाराज हरिसिंह यांची सही २६ ऑक्टोबर १९४७ ची. सामीलनामा बाकीच्या मोठ्या संस्थानांच्या नमुन्यासारखाच, तीन विषयांचा. दुसऱ्या दिवशी श्रीनगरला विमानाने फौज उतरली. त्यानंतर हा विषय नेहरू आणि गोपालस्वामी अय्यंगार यांच्याकडे गेला. त्यावरून डिसेंबर १९४७ मध्ये पटेलांनी राजीनाम्याची तयारीही दाखवली होती. संयुक्त राष्ट्रसंघात जाण्याचा आग्रह त्यांचा नव्हता. मात्र ते पंतप्रधान असते तर काय झाले असते, याचे उत्तर इतिहास देत नाही. समाजमाध्यमांवर ते रोज दिले जाते, हे वेगळे.

सामील होणे आणि विलीन होणे यात फरक काय?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ऑगस्ट १९४७ मध्ये राजे सामील झाले. त्यांची राज्ये, दरबार, पोलीस, कर सगळे जागच्या जागी होते. विलीनीकरण त्यानंतरचे, आणि ते चार टप्प्यांत झाले.

पहिला टप्पा लहान संस्थाने शेजारच्या प्रांतात मिसळण्याचा. सुरुवात ओरिसातून. १४ डिसेंबर १९४७ ला पटेल कटकला राजांशी बोलले, दुसऱ्या दिवशी नागपूरला छत्तीसगडच्या राजांशी. अट सोपी: राज्यकारभार सोडा, त्या बदल्यात करमुक्त तनखा, खासगी मालमत्ता, किताब आणि वारसाहक्क घ्या. १ जानेवारी १९४८ पासून कारभार प्रांतांकडे गेला. आठव्या कलमातली सार्वभौमत्वाची हमी चार महिन्यांत मागे पडली. पटेलांचा युक्तिवाद असा की जबाबदार सरकारची मागणी करणारी प्रजा आता थांबणार नाही आणि एवढ्याशा राज्याला तो खर्च पेलणार नाही. युक्तिवाद खरा होता, आणि सोयीचाही.

दुसरा टप्पा संघांचा. एकमेकांना लागून असलेल्या राज्यांनी आपसात करार करून एक राज्य बनवायचे आणि एकाला राजप्रमुख नेमायचे. सौराष्ट्राचे उद्घाटन १५ फेब्रुवारी १९४८ ला पटेलांनी जामनगरला केले. मत्स्य संघ आणि पहिला राजस्थान संघ यांचे उद्घाटन मार्च १९४८ मध्ये पुण्याचे काकासाहेब गाडगीळ यांनी केले. मध्य भारत २८ मे १९४८ ला झाला. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि इंदूरचे यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. दोन घराण्यांतली आणि दोन शहरांतली चढाओढ एवढी की राजधानीही वाटून घ्यावी लागली. बृहद् राजस्थानचे उद्घाटन ३० मार्च १९४९ ला जयपूरला झाले.

तिसरा टप्पा फारसा चर्चिला जात नाही. १९४८ मध्ये संघांकडून नवे सामीलनामे घेतले गेले आणि कर वगळता केंद्राच्या सूचीतले आणि समवर्ती (केंद्र व राज्य दोघांच्या) सूचीतले सर्व विषय केंद्राच्या कक्षेत आले. पुढे संघांनी भारताची राज्यघटना स्वीकारली. सातव्या कलमालाही असा वळसा पडला.

चौथा टप्पा पैशाचा आणि फौजांचा. व्ही. टी. कृष्णमाचारी समितीच्या शिफारशींवरून १ एप्रिल १९५० पासून आयकर, केंद्रीय अबकारी, जकात आणि रेल्वे केंद्राकडे गेले. महसुलाची तूट केंद्राने काही वर्षे भरून द्यायची असे ठरले. संस्थानी फौजाही भारतीय लष्करात मिसळल्या. निजाम स्टेट रेल्वे आणि सिंधिया स्टेट रेल्वे पुढच्या वर्षी मध्य रेल्वेत गेल्या, गायकवाड बडोदा स्टेट रेल्वे पश्चिम रेल्वेत. हैदराबादचा हाली शिक्का मात्र त्यानंतरही काही वर्षे बाजारात होता.

सरकारी हिशेबाने २१६ संस्थाने प्रांतांत विलीन झाली, ६१ केंद्राच्या ताब्यात गेली आणि २७५ संघांत आली.

महाराष्ट्रातली संस्थाने केव्हा आणि कशी गेली?

दख्खनच्या संस्थानांची तारीख ८ मार्च १९४८. औंध, फलटण, भोर, सांगली, मिरज, जत, अक्कलकोट, सावंतवाडी, जंजिरा, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग आदींचा कारभार त्या दिवशी मुंबई प्रांताकडे आला. कोल्हापूर थांबले. तिथले विलीनीकरण १ मार्च १९४९ ला झाले. बडोद्याचे १ मे १९४९ ला.

काही संस्थानिकांनी आधी 'संयुक्त दख्खन राज्य' उभारायचा प्रयत्न केला होता. कागदावर ते ठीक दिसे, नकाशावर बसत नसे. सांगली संस्थानच घ्या: मंगळवेढा एकीकडे, बेळगावला चिकटलेले शहापूर दुसरीकडे, तेरदाळ आणि शिरहट्टी आणखी कुठे. मध्ये सगळा ब्रिटिश मुलूख. अशा तुकड्यांचे सलग राज्य होत नाही. त्यात गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात जाळपोळ उसळली तेव्हा छोट्या दरबारांची पोलीसव्यवस्था तोकडी पडली. त्यानंतर संयुक्त राज्याची भाषा कोणी फार केली नाही. जमखंडीच्या राजांनी तर विलीनीकरणाला आधीच अनुकूलता दाखवली होती.

औंधची नोंद वेगळी घ्यायला हवी. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्येच गांधीजींच्या सल्ल्याने ग्रामपंचायतींवर आधारलेली घटना देऊन सत्ता लोकांकडे सोपवली होती. सर्वच संस्थाने मागासलेली होती हे सरसकट विधान औंध, सांगली, बडोदे, कोल्हापूर यांच्यापुढे टिकत नाही.

आजचे जिल्हे पाहताना एवढे ध्यानात ठेवा: १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण सातारा हाच १९६० पासून सांगली जिल्हा. भोरचा मोठा भाग पुण्यात आणि सुधागड कुलाब्यात (आजच्या रायगड जिल्ह्यात). जंजिऱ्याचे मुरूड, श्रीवर्धन, म्हसळे कुलाब्यात. सावंतवाडी आधी रत्नागिरीत, १९८१ पासून सिंधुदुर्गात; अक्कलकोट आणि मंगळवेढा सोलापुरात. जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग आज कर्नाटकात आहेत.

तनखा कसा ठरे?

ओरिसा-छत्तीसगडच्या वेळी ठरलेले सूत्र पुढे बहुतेकांना लावले. संस्थानाच्या सरासरी वार्षिक महसुलातील पहिल्या १ लाखावर १५ टक्के, पुढच्या ४ लाखांवर १० टक्के, ५ लाखांवरील रकमेवर साडेसात टक्के आणि कमाल मर्यादा १० लाख.

उदाहरणार्थ, महसूल ३ लाख असेल तर १५ हजार अधिक २० हजार, एकूण ३५ हजार रुपये. महसूल २० लाख असेल तर पहिल्या ५ लाखांचे ५५ हजार आणि उरलेल्या १५ लाखांचे १ लाख १२ हजार ५००, एकूण १ लाख ६७ हजार ५००. महसूल १ कोटी ३१ लाखांवर गेला की मर्यादा लागते.

अकरा मोठ्या संस्थानांना मर्यादेबाहेर रक्कम दिली: हैदराबाद ५० लाख, बडोदे साडेसव्वीस लाख, म्हैसूर २६ लाख, ग्वाल्हेर २५ लाख, इंदूर १५ लाख वगैरे. बहुतेकांत ही वाढ हयात राजापुरती होती. दुसऱ्या टोकाला काठेवाडातल्या कटोडियाच्या ठाकुराला वर्षाचे १९२ रुपये.

घासाघीस तनख्यापेक्षा खासगी मालमत्तेवर जास्त झाली. प्रत्येक राजाने वाडे, बागा, जडजवाहीर, रोखे, देवस्थाने यांची यादी द्यायची आणि त्यातले राज्याचे कोणते व घरचे कोणते हे ठरवायचे. दरबाराचा आणि राजाचा खजिना वेगळा ठेवलाच नव्हता, तिथे वाद ठरलेला. आजही काही वाड्यांचे खटले याच याद्यांवर चालतात.

मग हे तनखे बंद का झाले? पटेलांनी तर घटनेत हमी दिली होती.

दिली होती, अनुच्छेद २९१ मध्ये. १२ ऑक्टोबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी हा करार पाळणे ही देशाच्या शब्दाची बाब आहे, अशी भूमिका मांडली. १९७० मध्ये तनखे बंद करणारी घटनादुरुस्ती राज्यसभेत एका मताहूनही कमी फरकाने पडली. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यता काढून घेतली, तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने माधवराव शिंदे यांच्या याचिकेवर रद्द ठरवली. शेवटी डिसेंबर १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे गेले. लोकशाहीत वंशपरंपरागत तनखा चालू राहायला नकोच होता असे मानले, तरी तो राज्य सोडल्याचा मोबदला होता हे विसरून चालत नाही.

कुठे बिघडले?

जिथे राजाची सही घेतली आणि लोकांना विचारले नाही, तिथे. सरायकेला आणि खरसावां ही आदिवासीबहुल संस्थाने ओरिसात घातली गेली. १ जानेवारी १९४८ ला खरसावांत निषेधासाठी जमलेल्यांवर गोळीबार झाला. मे महिन्यात ती बिहारला जोडावी लागली. मणिपुरात निवडून आलेली विधानसभा असताना सप्टेंबर १९४९ मध्ये महाराज बोधचंद्र यांची सही शिलाँगला घेतली गेली. तो सल तिथे अजून आहे.

हे सगळे पटेलांनी एकट्याने केले का?

नाही, आणि त्यांनीही तसा दावा केला नाही. मेनन यांचे मसुदे, माउंटबॅटन यांचा दबाव आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रजा परिषदांची, म्हणजे संस्थानी प्रजेच्या संघटनांची चळवळ, जी राजाच्या दारात उभी होती. खाली आंदोलन नसते तर वर वाटाघाटीत वजन आले नसते. पटेलांचे श्रेय क्रम लावण्यात आहे: आधी थोडे मागायचे, ते मिळाले की पुढचे, आणि प्रत्येक वेळी समोरच्याला मानाने बाहेर पडायला वाट ठेवायची. मार्च १९४८ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांचे बरेच काम डेहराडून आणि मसुरीहून चाले. १५ डिसेंबर १९५० ला मुंबईत त्यांचे निधन झाले.

गोवा यात का नाही?

गोवा संस्थान नव्हते, पोर्तुगालच्या ताब्यातली वसाहत होती. त्यामुळे सामीलनामा, तनखा यातले काहीच तिथे लागू नव्हते. दादरा-नगरहवेली १९५४ मध्ये मुक्त झाली, गोवा १९ डिसेंबर १९६१ ला.

माझे गाव संस्थानात होते. विलीनीकरणाचे कागद कुठे शोधावेत?

आधी तारीख पक्की करा, कारण तारखा दोन असतात. दख्खनच्या संस्थानांचा कारभार ८ मार्च १९४८ ला मुंबई सरकारकडे आला, पण कायद्याने ती मुंबई प्रांताचा भाग झाली १ ऑगस्ट १९४९ पासून. मधल्या काळात मुंबई सरकार केंद्राच्या वतीने कारभार पाहत होते आणि मुंबईचे कायदे तिथे वेगळ्या अधिसूचनेने लागू करावे लागत. त्या दीड वर्षातला फेरफार किंवा निवाडा हाती आला की कोणता कायदा लागू होता ते याच अधिसूचनांत पाहावे.

करारांचे नमुने आणि तारखा भारत सरकारच्या संस्थानविषयक श्वेतपत्रिकेच्या परिशिष्टांत आहेत. संस्थान खात्याच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असून काही 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर पाहता येतात. कोल्हापूरचे दप्तर तिथल्या पुराभिलेखागारात आहे. दख्खनच्या जुन्या नोंदी मोडीत असतात, मराठवाड्याच्या उर्दूत, आणि वर्ष फसली (महसुली कालगणनेचे). हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो, वर्षाच्या उत्तरार्धातल्या महिन्यांसाठी ५९१. मराठवाड्यात जमिनीसाठी १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक आधी पाहावे. जहागिरीची जमीन असेल तर मराठवाड्यासाठी १३५८ फसलीचा जहागीर निर्मूलन विनियम आणि पश्चिम महाराष्ट्रासाठी विलीन प्रदेशांतील जहागिरी रद्द करणारा १९५३ चा मुंबई कायदा, हे दोन आधार तलाठ्याकडे जाण्यापूर्वी वाचून ठेवावेत.